दाणा निवडून खाणारी शेवंता

शेवंता ही माझी घोडी. माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती, आता तिला वीस सरली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला आपली कला दाखवली. तिच्या खुरांना भेगा होत्या म्हणून बायोटिनची पावडर सुरू करायची होती. मी ती ओटमध्ये नीट कालवली, घमेलं पुढ्यात ठेवलं आणि शेजारच्या घोड्याचा खरारा करायला गेले. अर्ध्या तासानं येऊन बघते तर घमेल्यात एक दाणा शिल्लक नाही. तळाला मात्र पावडरीचा ओलसर, पांढरट थर आणि त्यावर तिच्या ओठावरच्या केसांच्या बारीक रेघा, कुणी कुंचला फिरवावा तशा.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच उभी राहिले. वरचा ओठ बोटासारखा पुढे काढून ती दाणे उचलायची, ओठातल्या ओठात घोळवायची, त्यांना लागलेलं जे काही असेल ते खाली पाडायची आणि मग दाणे आत. घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार म्हणाला, "ताई, हिला सूप लागत नाही. तोंडानंच पाखडते."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकाच्या अगदी खाली काय आहे ते त्याला दिसतच नाही. घमेल्यात तोंड घातलं की सगळा कारभार नाकाचा, ओठांचा आणि त्या लांब केसांचा. त्यामुळे पावडरीचा रंग चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, रंगात किती छान मिसळला याचं कौतुक फक्त आपल्याला. वास आणि दाण्याचा स्पर्श बदललेला तिला पहिल्याच फुंकरीत कळतो.

आधी दुखणं, मग नखरा

काल संध्याकाळपर्यंत चापून खाणारं घोडं आज सकाळी तोंड लावत नसेल, तर चवीचे प्रयोग करत बसू नका. आधी थर्मामीटर काढा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असावं, स्वस्थ उभं असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४. हिरड्या ओलसर आणि फिकट गुलाबी आहेत का, रात्रभरात लीद किती टाकली, पोटाकडे वळून बघतं का, पुढच्या पायानं जमीन उकरतं का, हे बघा. यातलं काही खटकलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा. पोनी, गाढवं आणि गाभण घोड्या यांच्या बाबतीत तर "बघू उद्या" म्हणूच नका. त्यांचं खाणं तुटलं की अंगातली चरबी झपाट्यानं रक्तात उतरते, यकृतावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत प्रकरण जिवावर बेतू शकतं.

हळूहळू वाढत गेलेला नखरा वेगळा. तिथे मी घमेल्यात आणि गव्हाणीत काय उरलंय ते बघते. घोडं बोलत नाही, पण उष्टं बोलतं.

चंदी टाकून वैरण खात असेल, तर मला आधी पोटातल्या व्रणांची शंका येते. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. त्या आम्लाची धार बोथट करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. रिकामं पोट, भरपूर दाणा आणि जोराचं काम हे तिन्ही एकत्र आलं की जठराचा वरचा भाग सोलवटतो. असं घोडं घमेल्याकडे उत्साहानं येतं, दोन घास घेतं, मागे सरकतं, पुन्हा येतं. पट्टा आवळताना कान मागे टाकतं. नक्की निदान दुर्बिणीनंच होतं आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचं. सांधेदुखीवर दिली जाणारी वेदनाशामकंही पोट बिघडवतात, म्हणून ती चालू असताना भूक मेली तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वैरणीला हौसेनं तोंड लावलं पण अर्धवट चघळलेले लांबट बोळे खाली टाकले, तर दात. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून दाढा झिजताना वरच्यांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार येते. दर घासाला गाल आणि जीभ कापली जाते. लिदेत न चावलेले दाणे आणि बोटभर लांब काड्या दिसणं, खाताना मान वाकडी करणं, तोंडाला दुर्गंधी येणं ही त्याचीच भावंडं.

हे सगळं मला आज पाठ आहे, कारण एकदा मी ते साफ विसरले होते. शेवंता चौदाची असताना तिचं खाणं मंदावलं. "झाले हिचे नखरे सुरू," म्हणून मी तीन आठवडे चवी बदलत राहिले. सफरचंद झालं, पुदिना झाला, कोमट पाणी झालं. मोतद्दार दोनदा म्हणाला, "ताई, वैरणीचे बोळे पडतायत." मी ऐकल्यासारखं केलं. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडं धरणारी चौकट लावून हात घातला आणि सगळ्यात मागच्या दाढेवर आकड्यासारखं वाढलेलं टोक दाखवलं. गालाला आतून जखम होती. दाढ घासली, जखम भरायला थोडे दिवस गेले आणि बाईसाहेब साध्या ओटवर खूश. तेव्हापासून वर्षातून एकदा दात दाखवायचेच. वयस्क घोड्याचे आणि दात बदलणाऱ्या शिंगराचे सहा महिन्यांनी.

फक्त पावडर उरते आणि बाकी सगळं साफ, तेव्हाच त्याला नखरा म्हणायचं.

पोट मुळात भरलेलं तर नाही?

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो कोरडी वैरण लागते. चंदी ही त्यावरची भर. कमी काम करणाऱ्या कितीतरी घोड्यांना तिची गरजच नसते, आणि आपण मात्र मोठं घमेलं भरून ठेवतो आणि "खात नाही" म्हणून कपाळावर हात मारतो. घोडं अंगानं भरलेलं आहे, फासळ्या हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत, कामाला टवटवीत आहे, तर उरलेली चंदी ही त्याची तक्रार नसून आपल्या मापातली चूक आहे.

जठर छोटं असतं, जेमतेम आठ ते पंधरा लिटर. एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर दाणा पाचशे किलोच्या घोड्यालाही देऊ नये. पचायचा राहिलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह मागे लागतो. मी शेवंताची चंदी दोनऐवजी तीन वेळांना वाटली. एकूण वजन तेच, पण घमेल्यात कमी दिसलं की ती संपवते. का, ते तिलाच ठाऊक.

चंदीच्या आधी वैरण घाला, म्हणजे पोट अगदी रिकामं राहत नाही आणि अधाशीपणा कमी होतो. पण भूक मेलेल्या घोड्याच्या बाबतीत मी थोडं उलट करते: रात्रीची वैरण नेहमीसारखी, सकाळी मूठभर वैरण, मग चंदी, आणि उरलेली वैरण त्यानंतर. भूक लागावी म्हणून घोड्याला तासन्‌तास उपाशी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. आम्लाचं मघाशी सांगितलंच.

आणि पाणी. तहानलेलं घोडं कोरडं खात नाही, इतकं साधं. कोरड्या वैरणीवरच्या घोड्याला थंड हवेतही दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं, उन्हात आणि कामावर त्याच्या दुप्पटही. टाकीत हात घालून बघा. बोटाला बुळबुळ लागली तर चंदीला दोष देण्याआधी टाकी घासा. कडाक्याच्या थंडीत पाणी कोमट केलं की घोडी जास्त पितात.

भांडं, जागा आणि शेजारी

घमेलं रोज धुवायचं, पण साबणाचा वास मागे राहता कामा नये. मी नुसत्या गरम पाण्यानं आणि काथ्यानं घासते. सांदीकोपऱ्यात अडकलेली कालची ओली चंदी आंबते, आणि आपल्याला न येणारा तो वास घोड्याला येतो. चंदीची गोणीही नाकाला लावून बघा. कुबट, खवट, बुरशीचा वास आला तर फेकून द्या. न खाणारं घोडं तिथे आपल्यापेक्षा शहाणं असतं.

घमेलं जमिनीवर ठेवा. मान खाली घालून खाणं हीच घोड्याची रीत, आणि तसं खाताना नाकातली घाणही बाहेर येते. उंच टांगलेल्या गव्हाणीत तोंड घालून भिंतीकडे बघत खाणं काही घोड्यांना नकोसं होतं, कारण पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. शेवंताची ही एक अट मला फार उशिरा कळली. पलीकडच्या ठाणातला दांडगा तांबडा घोडा आडव्या फळीवरून तिच्याकडे कान पाडून बघायचा. ती एक घास खायची आणि त्याच्याकडे बघायची. घमेलं फक्त दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं, दोन हातांचं अंतर, आणि खाणं निम्म्या वेळात संपू लागलं. उलटही होतं: काही घोडी एकटी असली की खातच नाहीत, त्यांना समोर खाणारा सोबती दिसावा लागतो. चार दिवस लांब उभं राहून बघितलं की कोण कसलं ते कळतं.

चवीची गोडी लावायची कशी

२००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी घोड्यांपुढे वेगवेगळ्या स्वादांची चंदी ठेवून पाहिली. पसंतीच्या यादीत मेथी पहिली, मग केळं, चेरी, रोजमेरी, जिरं, गाजर, पेपरमिंट आणि ओरेगॅनो. आपल्याला वाटेल गाजर आणि पुदिना वर असतील. ते मेथी-जिऱ्याच्याही खाली. घोड्यांना न आवडणाऱ्या खनिजांच्या गोळ्यांना मेथीचा किंवा केळ्याचा स्वाद दिल्यावर त्या लवकर संपल्या, हेही त्यांनी नोंदवलंय. हे वाचल्यावर मी मेथीदाण्याची पूड करून पाहिली. घमेल्याला एक सपाट चमचा, जास्त नाही. शेवंतानं पहिल्या दिवशी फुरफुरून नाक झटकलं, तिसऱ्या दिवशी घमेलं चाटलं.

पण यादी ही यादी, तुमचं घोडं हे तुमचं घोडं. ते काय निवडतं हे त्यालाच विचारावं. त्याची रीत अशी: दोन सारखी भांडी घ्या, दोन्हीत नेहमीच्या चंदीची ओंजळभर. एकात चिमूटभर नवा स्वाद. शेजारी-शेजारी ठेवा, दोन्ही हुंगू द्या आणि कुठलं आधी संपतं ते बघा. दुसऱ्या दिवशी भांड्यांची जागा बदला, कारण कितीतरी घोडी स्वाद न बघता डाव्या किंवा उजव्या भांड्याकडेच जातात. असं चार-पाच दिवस. एका वेळी एकच स्वाद. एकाच घमेल्यात केळं, मेथी, पुदिना आणि सफरचंदाचा रस ओतून "काहीतरी आवडेलच" म्हणणारे असतात, पण त्यातून आवडलं काय आणि खटकलं काय ते कधीच कळत नाही. कडू लपवणं असो की गोडी लावणं असो, मी आता या क्रमानं जाते: आधी नुसतं ओलं करणं, मग स्वाद, मग पोत, आणि गोडवा सगळ्यात शेवटी.

ओलं करणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती आणि सगळ्यात दुर्लक्षित. थोड्या कोमट पाण्यानं वास फुलतो, धूळ बसते, आणि पावडर दाण्याला चिकटते, म्हणजे पाखडायची सोय राहत नाही. पण लगदा करायचा की नुसतं ओलसर, हे घोड्यावर. शेवंताला मुठीत दाबल्यावर गोळा होईल आणि सोडल्यावर मोडेल इतपतच ओलं चालतं. त्याहून पातळ झालं की ती नाक वर करते. शुगरबीटचा चोथा भिजवून घालणार असाल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा. घट्ट गोळ्या नीट फुगायला कित्येक तास लागतात, आणि न फुगलेल्या घशात अडकल्या तर नाकातून लाळ आणि चारा येतो. उन्हाळ्यात तेच भिजवलेलं लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच भिजवा.

पोताचं म्हणाल तर चिरलेली लसूणघास (ल्युसर्न) माझ्या मते सगळ्यात उत्तम. खाण्याचा वेग कमी होतो, चावणं वाढतं, तिच्यातलं कॅल्शियम पोटातल्या आम्लाला आवर घालतं, आणि हिरवा वास पावडरीचा वास झाकतो. मूठ-दोन मुठी पुरेत.

गोडव्यासाठी चमचाभर मळी पाण्यात विरघळवून शिंपडली की बहुतेक घोडी विरघळतात. बहुतेक, सगळी नव्हे. ज्याला खुरांचा दाह होऊन गेलाय, ज्याच्या मानेवर चरबीची वळी आहे किंवा ज्याचं इन्शुलिन बिघडलंय, त्याला मात्र मळी, साखर, केळं सगळं बंद. त्याच्यासाठी मेथी, पुदिना आणि कोमट पाणी हेच सोबती.

पावडर पोटात कशी जाते

इथे माझा एक हट्ट आहे. नवी पावडर कधीही अख्ख्या चंदीत मिसळू नका. घोड्याला ती खटकली तर सप्लिमेंट तर जातंच, चंदीही जाते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या घमेल्याविषयीच शंका बसते. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं घोडं पुढे आठवडाभर साध्या चंदीवरही फुंकर मारत बसतं.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे सप्लिमेंट लागतंय तरी का? एकदा मी मांडणीवरचे डबे काढून ओळीनं ठेवले. खुरांचं वेगळं, सांध्यांचं वेगळं, शांत राहण्याचं वेगळं आणि एक "सर्वसमावेशक". चारपैकी तिघांत सेलेनियम होतं. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम पुरतं, आणि जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना आडव्या भेगा पडतात. म्हणजे खुरांसाठी घालायचं आणि खुरंच फोडायची! वैरणीची तपासणी करून आणि डॉक्टरांशी बोलून मी दोन डबे बंद केले. शेवंताचा निम्मा नखरा त्या दिवशी संपला.

जे ठेवायचं ते का नको वाटतं तेही बघा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट जहर कडू. मॅग्नेशियम ऑक्साइड त्या मानानं सौम्य. तांबं आणि जस्त सल्फेटच्या रूपात धातूसारखं लागतं, तेच चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय द्रव्याला बांधलेल्या, रूपात पुष्कळ घोडी निमूट खातात. सांध्यांच्या पावडरीतलं एमएसएम नावाचं गंधकयुक्त द्रव्य कडवट. माशाच्या तेलाचा वास तर सांगायलाच नको. घोड्याच्या मागे लागण्याआधी तेच द्रव्य दुसऱ्या रूपात मिळतं का ते विचारा. पावडर नको तर दाणेदार गोळ्या, त्याही नकोत तर द्रव. साध्या मिठाचं मात्र बहुतेकांना वावडं नसतं. पाचशे किलोच्या, घाम न गाळणाऱ्या घोड्याला दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास पुरतं. तेही एकदम नव्हे, चिमटीनं वाढवत.

आता माझी रीत. आधी एक "स्वच्छ" वाटी ठरवते: घोड्याला हमखास आवडणारा, कधीच काही न मिसळलेला घास. शेवंतासाठी तो ओलसर लसूणघास, मेथीपूड आणि मूठभर ओट. तीन-चार दिवस तो नुसताच देते, रोज त्याच वेळी, मुख्य चंदीच्या आधी, भूक असताना. तिला त्या वाटीची वाट बघायची सवय लागली की त्यात दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकी पावडर. दोन दिवस तेवढीच. संपवलं तर चिमूट दुप्पट. खटकलं, तर मागच्या मापावर जाऊन तिथे आणखी तीन दिवस. पूर्ण मापाला पोचायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवंतानं बायोटिनला एकोणीस घेतले. घाई कशाला? खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं, वरून खालपर्यंत नवं यायला जवळपास वर्ष लागतं. एकोणीस दिवसांनी त्यात काही फरक पडत नाही. मुख्य चंदी या सगळ्यात बिनधोक राहते.

पावडर आधी चमचाभर पाण्यात किंवा तेलात कालवून मग घासाला चोळा. कोरडी भुरभुरवली तर ती वाटीच्या तळाला जाते आणि तिथेच राहते. तेल वापरलं तर ताजं वापरा. डबा उघडून महिनोन्‌महिने झालेलं तेल खवट होतं आणि घोडं दोन पावलं मागे जातं.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला ही संथ चाल चालत नाही. प्रतिजैविकाचं माप आजच पूर्ण गेलं पाहिजे. तिथे पिचकारी. साठ मिलीची, रुंद तोंडाची. पिचकारीचं टोक कापलं असेल तर धार घासून गुळगुळीत करा. औषध सफरचंदाच्या गरात कालवून भरा. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहा, समोर नको. ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथून, टोक आत घालून जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू सोडा आणि हनुवटी थोडा वेळ किंचित वर धरा. घास गिळल्यावरच हात काढा.

पण पिचकारीची ओळख औषधाच्या दिवशी करू नका. मी आठवड्यातून दोनदा तीच पिचकारी नुसत्या सफरचंदाच्या गरानं भरून शेवंताला चाटायला देते. ती आता पिचकारी दिसली की ओठ हलवते. दहा वेळा गोड आणि एकदा कडू, एवढा व्यवहार घोडं मान्य करतं. दहा वेळा कडू असेल तर मोतद्दाराच्या पायावर पाय पडतो. (पडला होता. डाव्या.)

हे मात्र टाळा

भूक वाढावी म्हणून रोज गव्हाचा कोंडा घालू नका. घोड्यांना तो फार आवडतो, पण त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट. महिनोन्‌महिने चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, चेहऱ्याची हाडं फुगतात. "आज रविवार, आज मॅश (भिजवलेला कोंडा)" असा एकदम बदलही नको. आतड्यातल्या जिवाणूंना रविवार कळत नाही. कुठलाही नवा दाणा सात ते चौदा दिवसांत हळूहळू वाढवायचा.

गाईगुरांची किंवा कोंबड्यांची पेंड चवीला म्हणूनसुद्धा नको. त्यात मोनेन्सिनसारखं द्रव्य असू शकतं. गाईला चालतं, घोड्याचं हृदय निकामी करतं. लसूण मोठ्या प्रमाणात आणि सतत दिली तर रक्त कमी होतं. हिरवळ कापणाऱ्या यंत्रातलं आंबलेलं गवत नको, चॉकलेट नको. घोडं स्पर्धेत उतरत असेल तर खसखस, कॉफी, कोको यांचा अंशही तपासणीत सापडतो, म्हणून लालूच काय दाखवायची ते नियम वाचून ठरवा. सफरचंद आणि गाजर लांब चिरा. गोल चकत्या घशात बसतात.

रोजची गोळी

दोन वर्षांपूर्वी शेवंताची कातडी उन्हाळ्यातही लोकरीसारखी राहू लागली. तपासणीत कुशिंग हा संप्रेरकांचा आजार निघाला. म्हणजे आता जन्मभर रोज पर्गोलाइडची एक गोळी. गंमत अशी की सुरुवातीला याच औषधानं कितीतरी घोड्यांची भूक मरते. शेवंताचीही मेली. मी पुन्हा वाट्या मांडायला निघाले होते. पण आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मात्रा खाली आणून टप्प्याटप्प्यानं चढवली आणि भूक परत आली. रक्त तपासून इन्शुलिन ठीक आहे, रोज गाजराचे दोन-तीन तुकडे चालतील, हेही त्यांच्याकडूनच वदवून घेतलं.

गोळी चुरायची नाही, तिची धूळ माणसाच्या अंगात जाऊ नये म्हणून. गरोदर बाईनं तर हातही लावू नये. मी हातमोजे घालते. गाजराचे करंगळीएवढे तीन लांब तुकडे. पहिल्यात काही नाही. दुसऱ्याला उभी चीर, आत गोळी. तिसरा दुसऱ्या हातात, तिच्या नाकाला वास लागेल असा. पहिला चावते, तिसऱ्याच्या आशेनं दुसरा घाईनं गिळते, मग तिसरा. पाच महिने हे बिनबोभाट चाललं.

परवा सकाळी ठाण साफ करताना मोतद्दारानं हाक मारली. पेंढ्यात, घमेल्याच्या मागे, स्वच्छ पुसलेल्या तीन गोळ्या. तिन्ही तुकडे खाऊन, आम्ही वळलो की ती गालात धरलेली गोळी मागे टाकत होती.

"ताई," तो म्हणाला, "आता चौथा तुकडा लागणार."

सध्या पाच मिनिटं तिथे उभं राहून, तिच्या गालावरून हात फिरवून मगच मी निघते. चौथा तुकडा तेव्हा देते.